मागून बसलेली गाडी : एक संवाद

पुरस्कर्ता : जुनी लहान मोटार मागून बसली की ती मोडीत द्यावी, हा जो विचार वसई-विरारच्या नव्या वसाहतींतून आता जवळजवळ सर्वमान्य होऊन बसला आहे, त्याविरुद्ध मला आग्रहाने बोलावयाचे आहे, कारण ज्या मोटारींविषयी हा निकाल दिला जातो, त्यांच्या मागच्या भागाची रचना इतकी उघडी, सरळ आणि दुरुस्तीस इतकी अनुकूल आहे की, तिच्यातील दोष असाध्य ठरवणे हा त्या रचनेवरच अन्याय होय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी ठाऊक झाली, तिचा मागचा आस अर्धलंबवर्तुळाकार पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगांवर, तोललेला असे. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या पहिल्या मारुती ८०० चीही मागची बाजू पाट्यांवरच होती. १९८६ नंतरच्या ८०० ला गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, पण मारुतीच्याच ओम्नीने पाटे शेवटपर्यंत सोडले नाहीत. आगाशी-बोळिंजच्या वाड्यांतून भाजीच्या पाट्या वाहणारी ओम्नी, निर्मळच्या रस्त्यावर अजून ठाण्याचा एम.एच. ०४ हा क्रमांक मिरवणारी एखादी ८००, पारनाक्याच्या गल्लीत हौसेने जपलेली पद्मिनी, या सर्वांच्या पोटाखाली वाकून पाहिले, तर भार कोठून येतो, कोठे जातो आणि कोठे थकतो, हे जाणत्या कारागिराला दिव्याच्या उजेडात दिसते. जे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते, ते दुरुस्त करता येते. आणि जे दुरुस्त करता येते ते टाकून देण्याचा अधिकार मनुष्याला असला, तरी तो त्याने बेफिकिरीने वापरू नये, असे माझे म्हणणे आहे.

साशंक : आपल्या विधानातील आस्था मला मान्य आहे, परंतु कारागिराला दिसते असे जे आपण म्हणता, तेथेच माझी पहिली हरकत आहे. गाडी मागून बसली, हे लक्षण आहे, निदान नव्हे. पाट्याची किंवा स्प्रिंगची धातू कायमची दबली, म्हणून गाडी बसते. धातू जशीच्या तशी असून तिच्यावरील भार वाढला, म्हणूनही ती बसते. धातू आणि भार दोन्ही पूर्ववत असून ज्या पत्र्याला पाट्याच्या टोकाचा झुलता दुवा, म्हणजे शॅकल, किंवा स्प्रिंगची वरची बैठक जोडलेली आहे तो पत्राच गंजून आत गेला, तरीही ती बसते. आणि रबरी बुश चेपले, तर थोडी त्यांच्यामुळेही बसते. या सर्वांना गॅरेजमध्ये एकच वाक्य लावले जाते, आणि पुष्कळदा त्यावर उपाय म्हणून शॉक ॲब्सॉर्बर बदलून मिळतात. आता साध्या तेलाच्या शॉक ॲब्सॉर्बरचे काम हेलकावा आवरण्याचे आहे, गाडी उचलून धरण्याचे नव्हे; वायू भरलेल्या प्रकारात थोडी उचल असते, पण ती भार पेलण्याइतकी नसते. म्हणजे मालकाने पैसे दिले, पावती घेतली, गाडी थोडी स्थिर झाली, आणि उंची होती तेथेच राहिली. दोष कारागिराच्या प्रामाणिकपणाचा नाही. मोजमाप न घेता निकाल देण्याच्या आपल्या सवयीचा आहे.

पुरस्कर्ता : मोजमाप घ्यावे, हे मी बिनतक्रार मान्य करतो, आणि ते किती सोपे आहे हेही सांगतो. गाडी सपाट जागी उभी करावी, डिकी पूर्ण रिकामी करावी, चारही चाकांतील हवा पुस्तकात दिलेल्या दाबाइतकी करावी, मागचा भाग हाताने दोन-चार वेळा दाबून सोडावा, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर डाव्या व उजव्या बाजूस टेपने मोजून लिहून ठेवावे. नंतर नेहमीचा भार चढवून तेच अंतर पुन्हा मोजावे. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम येथे आपल्या कामी येतो : स्थितिस्थापकत्वाच्या मर्यादेत स्प्रिंग जितकी दाबावी, तितक्याच प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो. समजा, एका बाजूची स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबण्यास वीस किलो भार लागतो. मग डिकीत ठेवलेल्या सत्तर किलोंमुळे दोन्ही बाजू पावणेदोन सेंटिमीटर खाली जातील, आणि तो भार आसाच्या मागे असल्याने तरफेच्या न्यायाने त्याहून किंचित अधिक. प्रत्यक्षात गाडी मूळ उंचीपेक्षा चार सेंटिमीटर खाली गेली असेल, तर उरलेल्या दोनेक सेंटिमीटरांचा जाब धातूला, बुशांना किंवा पत्र्याला विचारावा लागेल. आणि ती पावणेदोनच गेली असेल, तर बिचाऱ्या स्प्रिंगचा काही कसूर नाही, ती आपले काम नियमाबरहुकूम करीत आहे.

सत्तर किलोंचा आकडा मी सहज घेतला नाही. साठ लिटरची पोलादी सीएनजी टाकी रिकामी असतानाच साठ किलोंच्या आसपास भरते, आणि आत नऊ-दहा किलो वायू मावतो. आपल्या भागातील जुन्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांच्या डिकीत ही टाकी कायमची वास्तव्यास आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी न्यायालयीन आदेशांनंतर सीएनजीवर गेल्या, तेव्हा उतारूंचे सामान टपावरच्या कॅरिअरवर चढले आणि डिकी टाकीला मिळाली. ऑक्टोबर २०२३ अखेर त्यांतील शेवटच्या टॅक्सीची मुदत संपेपर्यंत त्या गाड्यांनी हा भार वर्षानुवर्षे वाहिला. कारखान्याने ज्या पाट्यांची आखणी रिकाम्या डिकीसाठी आणि अधूनमधून येणाऱ्या सामानासाठी केली होती, त्यांच्यावर एक प्रवासी रात्रंदिवस बसून राहिला, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला धरूनच होईल.

साशंक : आणि त्या प्रवाशाविषयी कायदा किती दक्ष आहे पाहा. टाकीची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी झालीच पाहिजे, तिचा दाखला गाडीत असलाच पाहिजे, नोंदणी पुस्तकात इंधनाच्या बदलाची नोंद झालीच पाहिजे. हे सर्व योग्यच आहे, कारण आत दोनशे बार दाबाचा वायू आहे. परंतु ती टाकी ज्या पाट्यांवर किंवा स्प्रिंगांवर तोललेली आहे, त्यांच्याविषयी एकाही फॉर्ममध्ये एक ओळ नाही. भार नोंदला गेला, भार पेलणारा अनोंदित राहिला. ही त्रुटी आपल्या बाजूची की माझ्या, हे मी आताच ठरवीत नाही. परंतु तिचा परिणाम असा होतो की, मालक आपल्या बुद्धीने उपाय शोधतो, आणि हे उपाय मूळ दोषाहून अधिक अनिष्ट असतात. कोणी गुंडाळीच्या दोन वेटोळ्यांत रबराचा ठोकळा बसवतो. त्यामुळे गाडी उठते, यात संशय नाही. पण ती उठते ती एक वेटोळे निकामी करून, आणि त्याच्या वाट्याचा पीळ इतर वेटोळ्यांवर लादून. ठोकळ्याच्या कडेशी रंग घासला जातो, तेथे पाणी मुरते, आणि स्प्रिंग नेमकी तेथे तडकते. कोणी पाट्यांत एक जास्तीचा पाटा घालतो. कोणी जाड तारेची स्प्रिंग शोधून आणतो, आणि त्याला हे ठाऊक नसते की स्प्रिंगची ताठरता तारेच्या जाडीच्या चतुर्थ घाताने वाढते : जाडी दहा टक्के वाढली की ताठरता सुमारे सेहेचाळीस टक्के वाढते. मग टाकी भरलेली असताना शांत चालणारी ती गाडी एकट्या चालकाला घेऊन निघाली की प्रत्येक गतिरोधकावर उडते, कारण जुना शॉक ॲब्सॉर्बर त्या नव्या ताठरतेचा परतीचा जोर आवरण्यासाठी बनलेलाच नसतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलात परस्पर फेरफार करण्यास मनाई करते, ही गोष्ट निराळीच.

पुरस्कर्ता : ठोकळ्याचे आणि जास्तीच्या पाट्याचे समर्थन मी करणार नाही, ते उपाय नव्हेत, ती तडजोड आहे. परंतु आपण दिलेल्या दाखल्यातूनच माझी खरी बाजू निघते. बसलेली स्प्रिंग मऊ पडली, असा जो सार्वत्रिक समज आहे तो चुकीचा आहे. पोलादाची मूळ ताठरता वर्षांनी कमी होत नाही. वर्षे आणि भार तिची मोकळी उंची हिरावून घेतात. धातू सतत ताणाखाली राहिली की तिच्यातील सूक्ष्म रचना किंचित सरकते, आणि ती सरकण कायमची राहते. कारखान्यात हे ठाऊक असते, म्हणूनच नवी स्प्रिंग बाहेर पाठवण्यापूर्वी ती मुद्दाम पूर्ण दाबून सोडतात, जेणेकरून पहिली दबण तेथेच होऊन जावी आणि पुढची फार सावकाश व्हावी. याचा अर्थ असा की, जुन्या पाट्याची चूक आकाराची आहे, जातीची नाही. आणि आकार परत देता येतो. पाटे सोडवावेत, एकेक पाटा स्वच्छ करावा, त्याला पूर्वीची कमान द्यावी, योग्य तापमानाला तापवून तेलात विझवावा, पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा, मध्ये ग्राफाइटचे वंगण लावावे, नवा सेंटर बोल्ट आणि नवे बुश घालून यू-बोल्ट गाडी जमिनीवर उभी असताना आवळावेत. एवढे केल्यावर कारखान्याचा तपशील बदलत नाही, तो परत येतो. आणि मग ५२ व्या कलमाची तलवारही त्यावर चालत नाही.

साशंक : आपण हे जितक्या सहजतेने एका दमात सांगितले, तितक्या सहजतेने ते होत नाही. पाट्याचे पोलाद हे सिलिकॉन-मँगनीज मिश्रित पोलाद असते. त्याला कठीण करण्यासाठी सुमारे साडेआठशे ते नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत समान तापवावे लागते, तेलात झटकन विझवावे लागते, आणि नंतर चारशे-पाचशे अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवून धरावे लागते. यांतील एक पायरी चुकली, तर पाटा एकतर काचेसारखा तडकेल नाहीतर शिशासारखा वाकलेला राहील. रस्त्याकडेच्या भट्टीत हे तापमान तापलेल्या पोलादाच्या रंगावरून ओळखले जाते. मी त्या नजरेचा अनादर करीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती नजर फाळ, कोयते आणि कुऱ्हाडी यांना पाणी देत आली आहे. परंतु कोयत्याची धार बोथट झाली, तर तो पुन्हा भट्टीत जातो. पाटा तुटला, तर आस एका बाजूला मागे सरकतो, आणि गाडीत माणसे असतात. बरे, भट्टी टाळून थंड पाट्यावर हातोडा मारून कमान दिली, तर धातूत अंतर्गत ताण शिल्लक राहतो, आणि पावसाळा उलटेपर्यंत कमान पुन्हा उतरते. मालक म्हणतो, दुरुस्ती टिकली नाही. मी म्हणतो, दुरुस्ती झालीच नव्हती.

दुसरे असे की, आकाराचीच चूक आहे असे जे आपण म्हणता, ते कोरड्या प्रदेशात खरे असेल. येथे अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव असा समुद्र आहे, मिठागरे आहेत, खाडी आहे. जुलै २०१८ च्या पुरात वसई-नालासोपाऱ्याच्या रस्त्यांवर पाणी किती काळ तुंबून राहिले होते, हे आपण पाहिले आहे. खारी हवा पाट्यांच्या फटीत शिरते आणि गंज त्यांना आतून खातो. पाट्याची ताठरता त्याच्या जाडीच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असते. जाडी केवळ पाच टक्क्यांनी घटली, तरी ताठरता चौदा टक्क्यांनी उतरते, आणि उरलेल्या धातूवर ताण वाढतो तो वेगळाच. गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये सर्वांत खालच्या वेटोळ्यावर चिखल आणि वाळू साचते, तेथे गंजाचे खळगे पडतात, आणि प्रत्येक खळगा भावी तड्याचा आरंभ असतो. अशा धातूला आपण पूर्वीची कमान द्याल. पूर्वीची जाडी कोठून द्याल?

पुरस्कर्ता : जाडी देता येणार नाही; म्हणून ज्याची जाडी गेली तो पाटा बदलावा, आणि बदलताना दोन्ही बाजू बरोबर बदलाव्यात, कारण एक बाजू नवी व एक जुनी ठेवली तर गाडी कलते. ८०० आणि ओम्नीच्या बाबतीत मी हेच सांगेन : भाग मिळत असतील तर नवे घ्यावेत. पण पद्मिनीचे काय? तिचे उत्पादन शतक पालटण्याच्या सुमारास थांबले. तिच्या मालकाला आपण मोडीचा रस्ता दाखवाल, आणि मी वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतींचा. तेथे यंत्रभाग बनवणारे लहान कारखाने आहेत, तापमान मोजणाऱ्या भट्ट्या आहेत, कठीणता मोजणारी यंत्रे आहेत. रस्त्यावरच्या लोहाराची नजर आणि वसाहतीतल्या भट्टीचे तापमापक यांची भेट आपण घडवून आणत नाही, हा आपला आळस आहे. त्याचे खापर जुन्या पाट्यावर फोडू नये. आणि हाही हिशेब करा, की मोडीत दिलेल्या ओम्नीच्या जागी जी गाडी येईल, तिच्यातही तोच वाडीवाला त्याच भाजीच्या पाट्या, त्याच केळीच्या लोंगरांसह, त्याच रस्त्यावरून स्टेशनावर किंवा दादरच्या बाजारात नेणार आहे. भार बदलणार नाही, रस्ता बदलणार नाही; मग नव्या गाडीची मागची बाजू किती वर्षे ताठ राहील?

साशंक : हा आपला सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि त्याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. नवी गाडी घेणे म्हणजे प्रश्नाची मुदत वाढवून घेणे, हे मला कबूल करावे लागते. परंतु आपण आतापर्यंत सर्व विचार मालकाच्या बाजूने केला; समोरून येणाऱ्याचा विचार कोणी केला नाही. मारुती ८०० च्या दोन आसांमधील अंतर २,१७५ मिलिमीटर आहे. तिचा मागचा आस चार सेंटिमीटर बसला, पुढचा जेथे होता तेथेच राहिला, तर गाडी एक अंशाहून किंचित अधिक मागे झुकते. हा कोन नजरेला जाणवतही नाही. पण पुढच्या दिव्यांचा झोत त्याच कोनातून वर जातो, आणि पंचवीस मीटर अंतरावर तो आपल्या ठरलेल्या जागेपेक्षा सेहेचाळीस सेंटिमीटर वर पडतो. नालासोपाऱ्याहून निर्मळकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर रात्री सायकलीवरून घरी चाललेल्या माणसाच्या तो सरळ डोळ्यांत जातो. त्या माणसाने आपल्याला दुरुस्तीची परवानगी दिलेली नाही, पाट्याची जाडी पाहिलेली नाही, गाडी जपण्यातील आपल्या आस्थेत त्याचा वाटा नाही. त्याचा हक्क एवढाच, की जी गाडी रस्त्यावर आहे ती रस्त्यावर असण्यास लायक असावी.

पुरस्कर्ता : म्हणजे आपण दुरुस्तीच्या विरुद्ध नाही, तर दुरुस्तीच्या विलंबाविरुद्ध बोलत आहात. तो सायकलस्वार उद्या रात्री त्याच रस्त्यावरून जाणार आहे. मालक नवी गाडी घेईल तेव्हा घेईल. आज रात्रीसाठी त्याने डिकीतले सामान उतरवावे, दिव्यांचा झोत भिंतीसमोर भारासहित लावून घ्यावा, आणि आठवड्याच्या आत मागची बाजू सोडवावी. हे त्या सायकलस्वाराच्याच हिताचे आहे.

साशंक : होय, परंतु त्याच वेळी मी आणखी एक मागणी करीन. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी परिवहन कार्यालयात जाते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले, आणि पर्यावरण कर निराळा. एवढा आकार घेतल्यावर अधिकाऱ्याने मागच्या दोन चाकांवरील उंची टेपने मोजून नोंदणी पुस्तकात दोन आकडे लिहावेत, ही अपेक्षा अवास्तव नाही. त्याला मिनिटभर लागेल. पाच वर्षांनी तेच आकडे पुन्हा घेतले, तर गाडी किती बसली याचा पहिला सरकारी पुरावा निर्माण होईल. आणि दुरुस्त केलेल्या पाट्याबाबत माझा आग्रह असा, की गाडीला लावण्यापूर्वी तो प्रेसखाली गाडीत जितका दबू शकतो तितका दाबावा, सोडावा, उंची मोजावी. असेच आणखी दोनदा दाबावा, सोडावा, उंची मोजावी. पहिल्या आणि तिसऱ्या मोजणीत फरक पडला, तर पाण्यात किंवा भट्टीत कोठेतरी चूक आहे, असे समजून तो परत पाठवावा.

पुरस्कर्ता : ही चाचणी मला पूर्णपणे मान्य आहे. माझ्या मते एवढ्याने आपला वाद संपावा. ज्या पाट्याने तीनदा दबून आपली उंची राखली, त्याच्यावर अविश्वास ठेवण्यास आता कारण काय उरले?

साशंक : एक उरले, आणि ते टेपने मोजता येत नाही. प्रेसखालची चाचणी पाटा आज बसतो की नाही हे सांगते; तो कधी तुटेल हे सांगत नाही. दबणे आणि थकून तडकणे या पोलादाच्या दोन वेगळ्या गती आहेत. सेंटर बोल्टच्या छिद्राशी केसाएवढी चीर पडलेला पाटा आपली उंची उत्तम राखील आणि प्रेसखाली उत्तीर्ण होईल. नव्या पाट्याचे आयुष्य निर्माता नमुन्यांवर लक्षावधी झोके देऊन ठरवतो. जुन्या पाट्याने किती झोके सोसले याची नोंद कोणाच्याही दप्तरात नाही.

पुरस्कर्ता : चीर शोधण्याचीही साधने आहेत. रंगीत द्रव लावून पुसला की चिरेत तो राहतो आणि दिसतो. वसाहतीतल्या कारखान्यांना हे नवे नाही. छिद्राभोवतालचा भाग तपासून घ्यावा.

साशंक : पडलेली चीर दिसेल. पुढच्या पावसाळ्यात पडणारी दिसणार नाही. तोपर्यंत त्या पाट्यावर विश्वास ठेवण्याची जबाबदारी कोणावर टाकायची : ज्याने तापवला त्याच्यावर, ज्याने दाखला दिला त्याच्यावर, की जो रोज त्यात मुलांना बसवून शाळेत सोडतो त्याच्यावर? नव्या भागाबरोबर ही जबाबदारी निदान कागदावर तरी कोणाच्यातरी नावे असते.

पुरस्कर्ता : आणि पद्मिनीच्या मालकासाठी तो कागद कोणी देणार नाही, हे आपणही जाणता. म्हणून मी त्याला सांगेन, की दर पावसाळ्यानंतर पाटे उघडून पाहा.

साशंक : आणि मी त्याला विचारीन, की ते पाहण्याची मजुरी तू किती वर्षे देशील.